तिसऱ्या पाईपचा रंग

हिदायतचाचांनी पहिल्या पाईपच्या तोंडातला लाकडी गुल्ला काढला आणि आतली वाळू दुसऱ्या पाईपमध्ये ओतायला सुरुवात केली.

नदीची बारीक वाळू, चाळून, तव्यावर भाजून कोरडी केलेली. पाईप वाकवताना तो आतून चेपू नये म्हणून ती ठासून भरायची, मग पाईप तापवून वाकवायचा, एवढं मला ठाऊक होतं. पण आता वाकवून झालं होतं. चार पाईप पत्र्याच्या टेबलावर पडले होते आणि चारांच्या चार तऱ्हा होत्या. एक नुसता कोपरात वाकवलेल्या हातासारखा, एकाला तीन वळणं, एक तर स्वतःच्याच अंगावर मागे फिरलेला. बघणाऱ्याला वाटावं, यातला एकही दुसऱ्याएवढा लांब असणार नाही.

पहिला पाईप रिकामा झाला आणि दुसरा काठोकाठ भरला. चाचांनी तोंडावरून बोट फिरवलं. चिमूटभरसुद्धा वाळू सांडली नाही की कमी पडली नाही. मग दुसऱ्यातली तिसऱ्यात. तिसऱ्यातली चौथ्यात. चौथाही तसाच काठाला येऊन थांबला.

"टेप आणलायस न्हवं?" चाचा म्हणाले. "लाव की."

मी टेप पर्समध्ये परत ठेवला. चारही पाईप नेमके चौऱ्याऐंशी सेंटीमीटर हवेत हे काढायला मला तीन रविवार लागले होते. कागदावर मी कितीही आकडे मांडले असते, तरी ते असे एकातून दुसऱ्यात ओतून दाखवता आले नसते.

ही नव्व्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत ड्रॉइंग काढायची नोकरी करत होते. माझा भाऊ सन्मती माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, पण त्याचा जीव होता गाडी पळवण्यात. आमच्याकडे तेराशे सीसीची एक जुनी पांढरी गाडी होती. तिला आम्ही हरणी म्हणायचो. दादा ती चालवायचा आणि तिच्या इंजिनाचं मी बघायची. आमच्या मगदूम घराण्यात याआधी कुणी सायकलची शर्यतसुद्धा लावली नव्हती. त्यामुळे आईबाबांनी आम्हा दोघांचा नाद सोडून दिला होता.

दर फेब्रुवारीत म्हातारदेवाच्या पठारावर चढाईची शर्यत व्हायची. पवनचक्क्या उभ्या करायला कंपनीने डोंगरात जो खासगी रस्ता काढला होता, त्यावरून खालून वर, एकेका गाडीने एकटीने जायचं. साडेसहा किलोमीटर आणि एकतीस वळणं. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो जिंकला. दादा आमच्या गटात सलग दोन वर्षं दुसरा आला होता. त्या वर्षी पहिल्या येणाऱ्याला एका मोठ्या संघात हंगामभर गाडी चालवायची जागा मिळणार होती. दादा तिशीला आला होता. यानंतर आपल्याला कुणी विचारणार नाही, हे तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण त्या महिन्यात तो जेवताना ताटाकडे बघायचाच नाही.

मागच्या वर्षी आम्ही सहा सेकंदांनी हरलो होतो. ते सहा सेकंद कुठून काढायचे, तर हेडरमधून, असं मी ठरवलं होतं. हेडर म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर काढणारे चार पाईप, जे पुढे जाऊन एका जाड पाईपला मिळतात. कारखान्यातून येतो तो बिडाचा ओबडधोबड तुकडा असतो. चार पाईप सारख्या लांबीचे असले आणि आतून गुळगुळीत असले, की इंजिनाला श्वास मोकळा होतो. बाजारातला तयार हेडर आमच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून दादाने कुठल्याशा दूध संघाच्या भंगारातून स्टेनलेसचे जुने पाईप आणले, ज्यातून एके काळी दूध वाहायचं, आणि ते घेऊन आम्ही हिदायतुल्ला शिकलगारांकडे गेलो.

चाचांची शेड उद्यमनगराच्या मागच्या अंगाला होती. वय पासष्टच्या पुढे, अंगात कायम निळा डगला आणि मिशा पांढऱ्याफेक. आयुष्यभर पत्रा ठोकून त्यांचे कान गेले होते. सोळा वर्षं त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. समोर उभं राहून सावकाश बोललं की ते ओठांवरून ओळखायचे. स्वतः बोलायचे ते मोठ्याने, एकाच पट्टीत. गावातल्या निम्म्या शर्यतीच्या गाड्यांचे सायलेन्सर त्यांनी केले होते आणि त्यातला एकही त्यांनी ऐकलेला नव्हता, ही गोष्ट लोक गमतीने सांगायचे.

वाळू ओतून झाल्यावर आठवड्याभरात त्यांनी चारही पाईप जोडून दिले. सांधे असे, की नख फिरवलं तरी कळू नये. तो हेडर मी मांडीवर घेऊन बघत बसले आणि म्हणाले, आता हा पुण्याला पाठवायचा, सिरॅमिकचा लेप द्यायला.

त्या लेपाबद्दल मी एका परदेशी मासिकात वाचलं होतं. हेडर भट्टीसारखा तापतो. लेप असला की उष्णता पाईपच्या आतच राहते, बॉनेटखाली ऊब कमी होते, इंजिनाला थंड हवा मिळते आणि जोर वाढतो. शिवाय पाईप गंजत नाही, टिकतो. कागदावर लेपाच्या बाजूने सगळं होतं. अडचण एकच होती. आमच्याजवळ उरलेल्या पैशांत एक तर लेप झाला असता, नाहीतर नवे टायर. दोन्ही होणार नव्हतं.

चाचांना मी लेपाचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि मान हलवली.

"उघडाच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लेप दिलास तर बोलायचा न्हाई."

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला आपले सांधे झाकले जाणार याचं वाईट वाटतंय. कारागिराला आपलं काम दिसावंसं वाटणारच. मी हसून विषय टाळला.

दादाचं मत लेपाच्या बाजूने होतं. मागच्या वर्षी बॉनेटखालच्या उष्णतेने त्याच्या पायांना चटके बसत होते. टायर काय, जुनेही चालतील, तो म्हणाला. निर्णय मात्र माझ्यावर सोडला. शर्यतीच्या अर्जावर प्रवेशक, म्हणजे गाडी उतरवणारी, म्हणून सही माझी असायची.

मी दोन दिवस विचार केला. मग एका दुपारी हरणीच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसले आणि टायरवरून हात फिरवला. खाचा उरल्याच नव्हत्या. एकोणिसाव्या वळणाला त्या रस्त्याच्या डाव्या अंगाला कठडा नाही, नुसती दरी आहे. मी उठले आणि टायर घेऊन आले. हेडर तसाच उघडा बसवला. दादाच्या पायांसाठी मध्ये पत्र्याची दुहेरी ढाल केली. यात कसलंही शहाणपण नव्हतं आणि चाचांचं ऐकणंही नव्हतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी मला त्याचं श्रेय दिलं.

शर्यत रविवारी होती आणि शनिवारी सराव. निघताना चाचा स्वतःहून म्हणाले, मी येतो. त्यांनी कधी शर्यत पाहिली नव्हती. जीपच्या मागे हरणी बांधून आम्ही पहाटे निघालो आणि उन्हं वर यायच्या आत पठाराच्या पायथ्याशी पोचलो.

पवनचक्क्या त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिल्या. धुक्यातून आधी नुसती पाती दिसत होती, एकामागून एक खाली येणारी आणि परत वर जाणारी, जणू त्यांना धरणारं कुणी नाहीच. मग धुकं उतरलं तसे खांब दिसायला लागले. चाचा जीपमधून उतरले ते डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले. मी चहा नेऊन दिला, तो त्यांच्या हातात थंड झाला.

सराव सुरू झाला. दादाची पाळी सकाळी दहाच्या सुमारास आली. मी पायथ्याशी घड्याळ घेऊन उभी होते. हरणी सुटली आणि तिचा आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आजवर ती खोकत, खरखरत पळायची. आता एकच लांब, स्वच्छ सूर निघाला, कुठे फट नाही, कुठे अडखळ नाही. आजूबाजूच्या तंबूंतली माणसं हातातली कामं ठेवून बाहेर आली. वरून वायरलेसवर वेळ आला तेव्हा मी तो दोनदा विचारून घेतला. आमच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळापेक्षा सात सेकंदांनी कमी. मागच्या वर्षीच्या विजेत्याहून एक सेकंद पुढे.

दादा खाली आला तेव्हा त्याचं हेल्मेट काढायलाही लोकांनी उसंत दिली नाही. सांगलीचे एक जुने जाणते ट्यूनर, शर्यतीच्या इंजिनांची जुळणी करणारे, आले होते. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता उद्यापर्यंत या गाडीला हातसुद्धा लावू नका."

लोक पांगल्यावर मी बॉनेट उघडं ठेवलं. इंजिन निवत होतं. चाचा आले, त्यांनी ढालीचे चार स्क्रू काढून पत्रा बाजूला केला आणि वाकून बघायला लागले. एकदा ऊन पडावं म्हणून त्यांनी मला बाजूला सरकवलं. मग बोटाने खुणावलं.

"तिसरा बघ."

मी बघितलं आणि पहिल्यांदा मला त्यात नुसतं सौंदर्य दिसलं. सकाळी चांदीसारखे पांढरे असलेले पाईप रंगले होते. पहिला, दुसरा आणि चौथा इंजिनाच्या बाजूला गडद सोनेरी झाले होते आणि खाली येता येता फिकट होत गव्हाच्या रंगावर आले होते. तिसरा मात्र मोरपंखी निळा होता, थेट दुसऱ्या वळणापर्यंत. इंजिनाजवळ तर निळाही उडून राखेसारखा करडा झाला होता.

"छान दिसतोय," मी म्हणाले.

"छान न्हाई. जळतोय त्यो."

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांचे आजोबा हत्यारांना पाणी द्यायचे. पोलादाचं पातं घासून पांढरं करायचं, मंद आचेवर धरायचं आणि रंग चढताना बघायचा. वस्तऱ्याला गव्हाळ रंग आला की काढायचं. कुऱ्हाडीला जांभळा. स्प्रिंगला निळा. डोळ्याची पापणी लवली तर पातं वाया. सहा वर्षांच्या हिदायतला आजोबांनी भट्टीच्या बाजूच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवून दोन वर्षं नुसते रंग बघायला लावले होते, हातात हत्यार न देता.

"ह्यो रंग म्हंजे किती तापलं त्याचा लिवलेला कागद हाय," ते म्हणाले. "तिघांनी येकच लिवलंय. ह्यो निराळंच कायतरी सांगतोय. ह्या घरात आग जास्ती हाय, पोरी."

पुढचं मला समजत होतं. एकच सिलिंडर इतका तापतो म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय आणि हवा जास्त मिळतेय. असं इंजिन काही काळ फार सुंदर पळतं. मग पिस्टन वितळतो.

मी दादाला बोलावलं. त्याने पाईप पाहिला, माझं ऐकलं आणि तो शांतपणे म्हणाला की पाईप भंगारातले आहेत, एखाद्याचं लोखंड निराळं असेल, म्हणून रंग निराळा आला असेल. हे अशक्य नव्हतं. मलाही ते एकदा वाटून गेलं होतं. इंजिन आता उघडायचं म्हणजे दुपार त्यात जाणार, आणि जे नीट बसलंय ते पुन्हा तसंच बसेल याची खात्री कुणी द्यायची, असंही तो म्हणाला.

"सात सेकंद, पद्मा. घड्याळ खोटं बोलतंय का? आणि आवाज तू ऐकलास ना? सगळ्यांनी ऐकला." त्याने मान वळवली आणि आवाज खाली आणला. "त्यांना ऐकू येत नाही गं."

त्याने मान पुरती वळवली नव्हती. चाचा त्याच्या ओठांकडे बघत होते.

"न्हाई येत," ते म्हणाले. "म्हणून तर बघतो."

दादाचा चेहरा उतरला. तो पाठ फिरवून दोन पावलं गेला आणि थांबला. मला आजही ती पाठ आठवते, घामाने चिकटलेला डगला आणि मानेवर हेल्मेटचा वळ. घड्याळ, सांगलीच्या ट्यूनरचे कान आणि दादाचं सगळं आयुष्य एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला एका पाईपचा निळा रंग. मी चाचांकडे पाहिलं. ते मला काही पटवत नव्हते. त्यांनी पाईपवरून हळूच रुमाल फिरवला आणि बाजूला झाले, जणू बघायला माझ्यासाठी जागा करून देत होते.

मी पाना घेतला आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला.

प्लगचं टोक मी उन्हात धरलं. पांढऱ्या चिनी मातीवर काही चमकत होतं. भिंग लावलं तर अगदी बारीक, मोहरीहूनही बारीक, चांदीचे ठिपके. ती चांदी नव्हती. पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं. तो वितळायला लागला होता आणि त्याचा शिंतोडा प्लगवर उडाला होता.

मी प्लग आणि भिंग दादाच्या हातात दिलं. त्याने पाहिलं. मग तो तिथेच मातीत बसला.

"एकोणिसाव्याला मी चौथ्या गिअरमध्ये असतो," तो म्हणाला. पिस्टन फुटला की तेल बाहेर येतं आणि स्वतःच्याच मागच्या चाकांखाली जातं. हे दोघांनाही माहीत होतं.

कारण शोधायला तासभर लागला. इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारा भाग ज्या बोल्टांनी बसतो, ते सगळीकडून सारखे, मधून बाहेरच्या बाजूला क्रमाने आवळायचे असतात. एका कडेने आवळले की तो भाग केसभर वाकतो. तिसऱ्या सिलिंडरपाशी तेवढी केसभर फट राहिली होती आणि तिथून जादा हवा आत शिरत होती. ते बोल्ट मी आवळले होते. फौंड्रीतून उशिरा सुटले होते त्या संध्याकाळी, घाईत.

मी ते मोठ्याने सांगितलं. चाचांच्या समोर उभं राहून, त्यांना ओठ दिसतील असं, पुन्हा एकदा सांगितलं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काच कुठाय?"

जीपच्या आरशाची सपाट काच काढून त्यावर पॉलिश पेपर पसरला आणि चाचांनी तो वाकलेला भाग त्यावर घासून सपाट करायला घेतला. आठाच्या आकड्यासारखे हात फिरवत, न थांबता, दुपारचं ऊन डोक्यावर असताना अडीच तास. मधूनमधून उचलून डोळ्यासमोर आडवा धरायचे, परत ठेवायचे. दादा त्यांच्यावर छत्री धरून उभा होता. त्याने ती एकदाही दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. मी जाड कागदातून सांध्यातली फट बुजवणारं नवीन गॅस्केट कातरलं आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल जरा जास्त जाईल असं केलं. पिस्टनला दुखापत झालेली होतीच. पण दाब चारही सिलिंडरमध्ये सारखा मिळत होता, म्हणून जपून पळवायचं ठरलं.

हेडर परत बसवायच्या आधी चाचांनी एक काम केलं. चारही पाईपवरचा रंग त्यांनी घासून पार काढून टाकला. सकाळसारखे पांढरे केले. चार वाजून गेल्यावर सरावाची शेवटची फेरी मिळाली. दादा जाऊन आला. वेळ वाईट होता, मागच्या वर्षीपेक्षाही थोडा जास्त. आवाजही तसा देखणा राहिला नव्हता, जरा जाड झाला होता. सांगलीचे ट्यूनर लांबून ऐकून निघून गेले.

आम्ही तिघे बॉनेटवर वाकलो. उन्हं तिरपी झाली होती आणि पठारावरचं गवत तांबूस दिसत होतं. चार पाईप, चारही इंजिनाशी गडद सोनेरी, मग मधासारखे, मग गव्हाळ, आणि पुढे जिथे एकमेकांना मिळतात तिथे पुन्हा पांढरे. रंग जिथे बदलत होता ती रेघसुद्धा चारांवर एकाच उंचीला होती. कुणी कुंचला घेऊन बसलं असतं तरी इतकं सारखं रंगवता आलं नसतं. माझ्या ड्रॉइंगमधली कुठलीही रेघ इतकी खरी नव्हती. मी हात पुढे केला, आणि तापलेलं आहे हे आठवून मागे घेतला.

"आता चौघं येका आईची," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौथे आलो, ते इथेच सांगून टाकते. संघातली जागा बेळगावच्या एका पोराला मिळाली आणि ती त्याला शोभलीही. दादाला तशी संधी परत आली नाही. त्याने पुढे सात-आठ वर्षं हरणी पळवली, एकदा जिंकलाही, आणि मग मुलं मोठी झाल्यावर थांबला. लेपाचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. मी फौंड्री सोडून धातूच्या परीक्षणाचं शिक्षण घेतलं. आज माझ्या प्रयोगशाळेत तापमान सांगणारी यंत्रं आहेत, ती रंगाकडे बघत नाहीत.

पण रविवारचं सांगायचं राहिलं.

दादाची पाळी आली तेव्हा मी आणि चाचा पायथ्याच्या पहिल्या वळणाशी, रस्त्याच्या कडेला उभे होतो. तिथे जांभ्याची लाल, मऊ माती पसरलेली होती. हरणी समोरून गेली तेव्हा चाचांनी तळवा उघडा धरला, जसा आपण पावसाचा अंदाज घ्यायला धरतो. गाडी वळणाआड गेली. त्यांच्यासाठी आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मात्र डोंगराकडे कान लावून उभी होते. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं. "आवाज?"

सोळा वर्षांत त्यांनी हे कुणालाच विचारलं नसावं. चांगला आहे, जाड आहे, भरलेला आहे, हे काय सांगणं झालं? ज्याने तो आवाज घडवला त्याला मी काय सांगणार होते? तिकडे हरणी चढत होती आणि सांगायचा वेळ निघून चालला होता. मी तंबूची एक खुंटी उचलली, मातीत वाकले आणि रेघ ओढायला लागले.

आवाज जाड होता तिथे रेघ खोल. आवाज चढला तशी रेघ चढवली. गिअर बदलला तिथे ती तोडून खाली आणली आणि पुन्हा वर नेली. मी वाकून मागे मागे सरकत होते, एक कान डोंगराकडे ठेवून, आणि चाचा रेघेच्या बाजूने माझ्याबरोबर चालत होते. त्यांची नजर खुंटीच्या टोकावरून हलत नव्हती. एका जागी त्यांनी पायाने दाखवलं.

"हितं तुटली?"

"गिअर," मी वर बघून म्हणाले. "बाविसावं वळण. एकोणिसावं मागे गेलं."

त्यांनी मान डोलावली. रेघ लांबत गेली, दहा पावलं, वीस पावलं. वर जाताना आवाज बारीक होत गेला तशी मी खुंटी हलकी धरली. शेवटी मातीवर नुसता ओरखडा उठत होता. मग गाडी पठाराच्या पलीकडच्या अंगाला वळली आणि फक्त वारा राहिला. मी खुंटी उचलली.

चाचा रेघेच्या टोकाशी उभे होते. त्यांनी मागे वळून सुरुवातीपर्यंत सगळी रेघ पाहिली, मग डोंगराकडे पाहिलं.

"संपला?" त्यांनी विचारलं.

मी उभी राहिले आणि त्यांना ओठ दिसतील अशी त्यांच्याकडे वळले.

"नाही चाचा," मी म्हणाले. "मला ऐकू येईना झालाय. चालू आहे."